एकोणीस वाक्यं

फोन आला तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बातमी कापत होता. बातमी मजेची होती. कुठल्याशा गावात एका म्हाताऱ्याने दारात येणाऱ्या मांजराला बारा वर्षं दूध घातलं, आणि एके दिवशी ते मांजर तीन ठिकाणी एकदम येऊन बसलं तेव्हा त्याला कळलं की आपण तीन मांजरं पोसत होतो. असल्या बातम्यांवर त्याची एकतीस वर्षं निघाली होती. रविवारच्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर त्याचं सदर असे. थोडा प्रवास, थोडं वाचन, एखादी चमत्कारिक बातमी, आणि तिन्ही एकमेकांत अशी गुंफलेली की सांधा दिसू नये. वाचक त्याला फिरस्ते म्हणत, ऑफिसातही तेच नाव पडलं होतं. पाकिटावर फक्त एवढंच नाव असूनही पोस्टमनने एकदा पत्र बरोबर घरी आणून दिलं, ही गोष्ट त्याने सदरात तीनदा सांगितली होती. तीनदा सांगितली हे त्याला ठाऊकही होतं. म्हणूनच फोनवर जे ऐकलं त्यावर तो आधी हसला.

फोन मुद्रितशोधकांचा होता. पंचवीस वर्षं त्याचा प्रत्येक लेख छापण्याआधी वाचलेला माणूस. एरवी काम सांगून मोकळा होणारा, आज घसा खाकरत होता.

"साहेब, ह्या रविवारचा लेख. तळ्याचा."

"हं. काही राहिलंय का?"

"राहिलं काही नाही. साहेब, हा लेख आपण छापलाय."

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

"तसंच काहीतरी लिहिलं असेल हो. तळी सगळी सारखीच असतात."

"तसंच काहीतरी नाही. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. एकोणीस वाक्यं शब्दशः आहेत. बाकीच्यांत इकडचा शब्द तिकडे. मी अजून वर कुणाला बोललो नाही. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

तो हसला, म्हणाला, म्हातारपण, दुसरं काय, मी येतो. फोन ठेवला आणि कात्री हातात घेऊन मांजराच्या बातमीची उरलेली बाजू कापायला लागला. अर्धी कापून झाल्यावर हात थांबला. पुनरुक्तीचं त्याला काही वाटत नव्हतं. गाणारे तेच तेच गातात, आजोबा तेच तेच सांगतात, कुणी पोलिसात जात नाही. पण सहा वर्षांपूर्वी त्या तळ्यावर तो गेला होता तो बायकोबरोबर. आणि गेल्या महिन्यात गेला तो तिला जाऊन वीस महिने झाल्यावर, एकटा, मुद्दाम, ती नसताना ती जागा कशी दिसते ते पाहायला. दोन्ही वेळा एकच लेख. हे डोक्यात नीट शिरल्यावर त्याने कात्री खाली ठेवली.

गेल्या महिन्यातली ती सकाळ तर त्याने जिवापलीकडे जपून ठेवली होती. हंगाम संपलेला, लॉजमध्ये तो सोडून एक औषध कंपनीचा विक्रेता, बाहेर धुकं. वीस महिने त्याचे लेख ओढूनताणून होत होते. खाटेवर बसून जुन्या वह्या चाळायच्या, काही सापडलं तर त्याच्यावर पाणी घालून वाढवायचं. त्या सकाळी तळ्याच्या बाकावर बसल्यावर मात्र एकामागून एक वाक्यं आपल्या पायांनी चालत आली. बाकावर मी एकटाच होतो. समोरचं पाणी इतकं स्थिर होतं की कुणी आल्याचं त्याला अजून कळलेलंच नसावं. अर्धी रंगवून सोडलेली होडी. होडीवाल्याचा करडा कुत्रा, माणूस आला म्हणून भुंकावं की न भुंकावं ह्या विचारात पडलेला. हात वहीवर असा धावत होता की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, संपलो नाही आपण. वाटलं, तिच्याशिवायही लिहिता येतं. परतीच्या बसमध्ये त्याने ते वाक्य मनातल्या मनात चारदा म्हटलं, आणि तिच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटून खिडकीबाहेर पाहत राहिला. आता कळत होतं की तो लिहीत नव्हता. परीक्षेत आलेल्या जुन्या प्रश्नाला जुनं पाठ उत्तर लिहीत होता, आणि स्वतःच स्वतःला पूर्ण मार्क देऊन बसला होता.

ऑफिसात पोचला तेव्हा अकरा वाजले होते. मुद्रितशोधकांच्या टेबलावर एका बाजूला त्याचा नवा लेख, दुसऱ्या बाजूला जुन्या अंकाचं पान काढून ठेवलेलं. सारख्या वाक्यांखाली पेन्सिलीच्या रेघा. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्याच्या जखमेकडे पाहू नये एवढी रीत त्या माणसाला होती. तो वाचायला लागला. रेघा मारलेली वाक्यं त्याने सोडूनच दिली. त्याला हवी होती ती वेगळी वाक्यं. तेव्हा ती शेजारी होती, आता नव्हती, एवढी मोठी गोष्ट कुठे ना कुठे गळायलाच हवी, एखाद्या विशेषणात, एखाद्या न मारलेल्या विनोदात. तो बोट ठेवून एकेक ओळ तपासत गेला. जुन्यात 'संथ' होतं तिथे नव्यात 'शांत' होतं. जुन्यात होडीवाला दोनदा खोकला होता, नव्यात एकदा. शेवटी वाचनालयाची ती बातमी दोन्हीकडे तीच: चौतीस वर्षांनी कुणी एक पुस्तक परत आणून दिलं, आणि पाहतात तर त्याची कडेला जोडलेली पानं अजून कापलेली नव्हती, म्हणजे ते कधी उघडलंच गेलं नव्हतं. त्या बातमीवर त्याने दोन्ही वेळा एकच थट्टा केली होती. बाकी काही फरक नव्हता. ज्या बाईबरोबर अडतीस वर्षं काढली ती असण्या-नसण्यात एक खोकला आणि एक विशेषण एवढंच अंतर पडलं होतं.

"जुन्यात सुद्धा मी 'एकटाच होतो' लिहिलंय," तो म्हणाला.

"हो. दोन्हीत आहे ते," मुद्रितशोधक खिडकीशी उभ्यानेच म्हणाले. "पहिलंच वाक्य."

"तेव्हा ही होती माझ्याबरोबर."

"वहिनी असायच्याच की, साहेब. ठाऊक आहे आम्हाला." ते वळले. "पण तुमच्या सदरात कुठे असायच्या त्या?"

त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. पंचवीस वर्षं शब्द तपासणाऱ्या माणसाने एक शब्द कुठे नाही ते सांगितलं, इतकंच. पण त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. सदरात ती नसे हे खरंच होतं, आणि ते चुकून झालेलं नव्हतं. पहिल्या वर्षीच त्याने ठरवलं होतं की फिरस्ता एकटा असतो. पुस्तकांतले सगळे थोर प्रवासी एकटेच असतात. वाळवंटात एकटे, जहाजाच्या डेकवर एकटे, आणि पुस्तकावरचा त्यांचा फोटो कुणी काढला हे कुणी विचारत नाही. त्याच्या स्वतःच्या तीन पुस्तकांवरचे तिन्ही फोटो तिनेच काढले होते. एका व्याख्यानात तर तो म्हणाला होता, बायको बरोबर आली की प्रवास संपतो आणि सहल सुरू होते. सभागृह हसलं. तिसऱ्या रांगेत बसलेली तीही हसली, चांगली तोंडावर पदर धरून. पुढे ते वाक्य त्याने आणखी पाच-सहा ठिकाणी वापरलं, आणि ती जिथे जिथे असे तिथे तिथे वेळेवर हसली. एकदाच, फार वर्षांपूर्वी, रविवारचा अंक हातात घेऊन तिने विचारलं होतं, "मी होते हे लिहिलं तर चालत नाही का हो?" त्याने समजावून सांगितलं की वाचकाला तिथे आपण स्वतः आहोत असं वाटायला हवं, आणि दोन माणसं असली की वाचकाला बसायला जागा उरत नाही. ती म्हणाली, बरोबर आहे. आणि पुन्हा कधी विचारलं नाही. तो विसरूनही गेला होता. आता मुद्रितशोधकांच्या टेबलाशी बसल्यावर ते सगळं त्या 'बरोबर आहे'च्या आवाजासकट परत आलं.

पुरवणीच्या संपादिकाबाई आल्या. त्याच्या मुलीच्या वयाच्या, म्हणजे मुलगी असती तर तिच्या वयाच्या. त्यांना सांगणं भागच होतं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे बारीक केले नाहीत, सुस्कारा सोडला नाही. "होतं असं. उद्या दुपारी बारापर्यंत पान सोडायचंय. तोवर दुसरं काही जमेल का?" तो म्हणाला, जमेल. मग त्या जराशा थांबून म्हणाल्या, "रागावू नका, पण मला नेहमी वाटायचं, तुम्ही त्यांच्यावर का लिहीत नाही? तेच तळं घ्या. तेव्हा त्या होत्या, आता नाहीत. तसंच्या तसं लिहा ना. लोक रडतील." शेवटचे दोन शब्द त्यांना स्वतःलाच लागले असावेत, कारण लगेच चहा मागवायला निघाल्या. पण बाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लेखातल्या पहिल्याच वाक्यात दोन शब्द बदलले की सगळं सुधारत होतं. बाकावर आम्ही दोघं होतो. जे एकतीस वर्षं केलं नाही ते आता एका लेखात करायचं, तिला तिच्या जागी बसवायचं. त्यासाठी तिची त्या दिवसाची एकच खरी गोष्ट हवी होती. कुठली साडी होती, काय म्हणाली, काहीही. एक आठवली असती तरी पुरलं असतं.

चालत घरी जाताना तो आठवत राहिला. छापखान्याच्या मागच्या बोळातून, दात काढणाऱ्या डॉक्टरच्या पाटीखालून, चाव्या करणाऱ्याच्या ठोक ठोक आवाजातून. होडी आठवत होती, तिचा रंगवलेला भाग हिरवा होता. कुत्रा आठवत होता. बाकाच्या फळीला एक खिळा वर आलेला होता. हे सगळं स्वच्छ आठवत होतं आणि प्रत्येक वेळी लक्षात येत होतं की हे सगळं लेखात आहे. जे लिहिलं तेवढं राहिलं होतं. जे लिहिलं नाही ते, कुणी झाडून काढावं तसं, गेलं होतं. त्याने घाबरून दुसऱ्या सहली काढून पाहिल्या. डोंगरातली अरुंद गाडी: तिथला तिकीट तपासनीस आठवला, ती आठवेना. मिठागरं: तिथल्या बायकांचे फुटलेले तळवे आठवले, तिचे पाय आठवेनात. दीपगृहाच्या एकशे ब्याऐंशी पायऱ्या त्याने मोजल्या होत्या, आकडा अजून तोंडपाठ होता. पण त्या ती चढली होती, की खाली थांबली होती? घरातली ती आठवत होती, ओट्याशी, दवाखान्यात, शेवटच्या महिन्यात नळ्या लावलेली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मात्र ती नाहीशी होत होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा घालून झाला होता आणि कळसा कुठल्या वळणावर पडला तेच कळत नव्हतं.

घरी आल्यावर त्याने कात्रणांचा खोका काढला. खोके दोन होते, बुटांचे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. बायको गेल्यावर वर्षभर तो पुढच्या खोक्यातली कात्रणं वापरत होता, ती संपली तेव्हा मागचा काढला. मागच्यात भरपूर माल निघाला, म्हणून तेव्हा त्याला मोठा आनंद झाला होता. वाचनालयाच्या पुस्तकाचं कात्रण त्याने आता उजेडात धरलं. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण होती. दुसरं कात्रण घेतलं, त्यावर खूण. तिसरं, चौथं, सगळ्यांवर. मग उलगडलं. रविवारी अंक वाचून झाला की बायको वापरलेली बातमी शोधून त्यावर खूण करायची आणि ती मागच्या खोक्यात टाकायची, म्हणजे ह्याच्या हाती पुन्हा ती लागू नये. एकतीस वर्षं. त्याला पत्ताही नव्हता. आपली स्मरणशक्ती दांडगी, एक बातमी आपण दोनदा वापरत नाही, अशी फुशारकी तो चारचौघांत मारत आला होता, आणि ती स्मरणशक्ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसून होती. गेले आठ महिने तो वापरलेल्याच बातम्या वापरत होता, आणि प्रवास वेगळे होते म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलंही असेल, लोक भिडेखातर गप्प बसले असतील. तो जमिनीवर, खोक्याशेजारी, पाय पसरून बसला. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि रडू आलं नाही, नुसताच घशातून एक आवाज निघाला, जड कपाट सरकवताना निघतो तसा.

त्या बसण्यातच ते आलं. दुपारचे तीन वाजले असतील. भिंतीवरच्या उन्हाकडे तो पाहत होता, आणि एकदम तिचे पाय दिसले. तळ्याच्या काठच्या सपाट दगडावर बसून तिने चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या आहेत, साडी घोट्यापर्यंत वर धरली आहे, पाय पाण्यात सोडले आहेत. आणि मान न वळवता म्हणते आहे, "गार नाहीये हो पाणी. आपणच तापलेले असतो." अगदी तिचा आवाज. तो श्वास रोखून बसला. हललो तर जाईल अशी भीती वाटली. पण गेलं नाही, उलट वाढत गेलं. साडी करड्या काठाची. करंगळीला जुनं कुरूप. कुत्रा येऊन तिच्या चपलांचा वास घेतो आणि तिथेच बसतो, भुंकायचं की नाही हा प्रश्न त्याच्यापुरता मिटतो. त्याच्या जिवात जीव आला. सापडली. तो उठला, टेबलावरचं वर्तमानपत्र आणि मांजराची अर्धी कापलेली बातमी बाजूला सारली आणि लिहायला बसला. ह्या वेळी वाक्यं धावत आली नाहीत. एकेक करून, थांबत थांबत, अवघडल्यासारखी आली, आणि त्यामुळेच ती खरी आहेत अशी त्याची खात्री पटली. आपण एकतीस वर्षं एकटेपणाचं सोंग केलं हे त्याने लिहिलं. तिसऱ्या रांगेतलं तिचं हसणं लिहिलं. पेन्सिलीची खूण लिहिली. शेवटी पाण्यातले पाय लिहिले, आणि तिचं ते वाक्य. रात्री लेख ऑफिसात देऊन आला, जेवला, झोपला, आणि बऱ्याच महिन्यांनी सकाळी उशिरा उठला. शुक्रवारी अकरा वाजता संपादिकाबाईंचा फोन आला. त्यांना धड बोलता येत नव्हतं. मुद्रितशोधकांनी फोन घेऊन फक्त म्हटलं, "साहेब, एकही चूक नाही."

रविवारी सकाळपासून फोन वाजत होता. एक निवृत्त न्यायाधीश रडले. एका बाईंनी लेख मोठ्याने वाचून नवऱ्याला ऐकवला होता आणि नवरा उठून बाहेर गेला होता. त्याच्या जुन्या वर्गमित्राने, जो कधी कुणाचं कौतुक करत नाही, विचारलं, "पाणी गार नाही, आपण तापलेले असतो. हे ती म्हणाली होती?" तो म्हणाला, "शब्दशः." तो शब्द उच्चारताना बरं वाटलं. दुपारी जेवण झाल्यावर मेव्हणीचा फोन आला. बायकोची धाकटी बहीण, दुसऱ्या शहरात राहणारी, तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. चांगली आणि वाईट बातमी एकाच आवाजात सांगायची तिला सवय होती.

"भाऊजी, वाचला लेख. छान लिहिलाय."

"तुला आवडला ना? मला तुझीच धाकधूक होती."

"आवडला म्हणजे, ताईबद्दल तुम्ही लिहिलंत, ह्याचंच फार वाटलं. शेजारणीलाही दाखवला." मग तिने विचारलं, "ते पाण्यात पाय सोडलेलं कुठलं हो?"

"तळ्यावरचं. सहा वर्षांपूर्वीचं."

"तळ्यावर नाही गेली ती."

"गेली होती. दोघं गेलो होतो आम्ही."

"गावी गेलात दोघं. तळ्यावर तुम्ही एकटे गेलात. तिचा बसमधून उतरताना पाय मुरगळला होता ना? घोटा सुजला होता. पट्टीसुद्धा तुम्हीच आणून दिलीत म्हणाली. तीन दिवस लॉजवरच होती ती."

पट्टी त्याला आठवत नव्हती. औषधाचं दुकान आठवत नव्हतं. दगड, चपला, कुत्रा मात्र अजून डोळ्यांसमोर होते, काल पाहिल्यासारखे, आणि ते जात नव्हते. खोटं ठरल्यावरही ते जात नव्हते, ह्याचीच त्याला भीती वाटली.

"तुला कसं माहीत?" त्याने विचारलं. आवाज भांडायला उठल्यासारखा निघाला.

"मला नाही तर कुणाला? प्रत्येक ट्रिपमध्ये फोन करायची मला. तुम्ही लिहायच्या जागी गेलात की खालच्या काउंटरवर येऊन फोन लावायची. त्यांना एकटं बसलं की सुचतं, म्हणायची, मग मी मागेच राहते. तक्रार नव्हती हो तिची. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"दीपगृहावर आली होती ना?"

"ते मी नाही सांगू शकत. तेव्हा मी कोर्सला होते." ती खरोखर आठवून सांगत होती. "पण पाण्याचं ते वाक्य छान आहे. ताईने वाचलं असतं तर तिलाही वाटलं असतं, आपण गेलो होतो म्हणून."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी, येऊ द्या, येऊ द्या, म्हणत होतं. त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. म्हणजे पहिला लेख बरोबर होता. दुसराही बरोबर होता. बाकावर तो खरोखरच एकटा होता, दोन्ही वेळा. खोटा होता तो हा तिसरा, ज्याच्यावर न्यायाधीश रडले. एका माणसाला तो शब्दशः म्हणाला होता. आणि तरीही त्याच्या मनात आशा म्हणण्यासारखं काहीतरी एकदम उठून बसलं. तळ्यावर नव्हती म्हणजे दुसरीकडे होती. तीन दिवस होती. ते तीन दिवस कुणाला तरी ठाऊक होते.

"मग काय करत होती ती? लॉजवर, तीन दिवस?"

"अहो, ती कुठे रिकामी बसतेय. लॉजवाल्याच्या बायकोने जेवणघराला नवे पडदे आणले होते, कापड नुसतंच बेतून ठेवलेलं. शिंपी येत नव्हता. ताईने बसल्या बसल्या सगळ्यांना दुमड घातली हाताने. अकरा पडदे होते, मला आकडा लक्षात आहे, कारण तिने तीनदा सांगितला. त्या बाईशी अशी गट्टी जमली म्हणून सांगू. इतक्या सहलींत हीच खरी सहल झाली माझी, म्हणाली. तुम्हाला नाही का सांगितलं?"

सांगितलं असेल. संध्याकाळी तो तळ्यावरून आला असेल, डोकं वाक्यांनी भरलेलं, आणि ती सांगत असेल, आणि तो हं हं म्हणत असेल. गेल्या महिन्यात त्याच जेवणघरात तो चार वेळा जेवला होता. तो औषध कंपनीचा विक्रेता पलीकडच्या टेबलावर असे. त्याची कातडी बॅग आठवत होती, बॅगेचं तुटलेलं बक्कल आठवत होतं. खिडक्या असणारच. तिच्या हातचे टाके हाताच्या अंतरावर लोंबत असणार, आणि आपण ती नसताना ती जागा कशी दिसते ते पाहायला तिथे आलो आहोत असं मनाशी म्हणत तो बशीतलं अंडं खात असणार. त्याने डोळे मिटले. बॅग दिसली, बक्कल दिसलं. खिडकीपाशी काही नव्हतं. पडदा नव्हता, कापड नव्हतं, खिडकीसुद्धा नव्हती. नुसती पांढरी जागा होती.

"कुठल्या रंगाचे होते?" त्याने विचारलं.

"काय?"

"पडदे. कुठल्या रंगाचे होते?"

"ते मी कसं सांगू, भाऊजी?" ती म्हणाली. "मी कुठे गेलेय तिथे? तुम्ही दोनदा जाऊन आलात ना."